मोटारीचा अपघात आणि घरची माणसे

राजुऱ्याहून गडचांदूर, तेथून कोरपना आणि पुढे आदिलाबाद अशी जी सडक जाते, तिच्यावरून ज्यांचे येणेजाणे आहे त्यांस तिचे वर्णन सांगावयास नको. एके काळी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. त्या काळच्या गाडीवाटेवर आज सिमेंटच्या कारखान्यांच्या अजस्र मालमोटारी, कापसाने शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या, तिघेतिघे बसलेल्या दुचाक्या आणि माणसांनी खच्चून भरलेले ऑटोरिक्षा अशी सर्व वाहने एकमेकांस खेटून धावत असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये याच वाटेवर कापनगावाजवळ मालमोटार व ऑटोरिक्षा यांची टक्कर होऊन सहा माणसे प्राणास मुकली. अशी वार्ता वाचून आपण हळहळतो व पान उलटतो. परंतु जे मरत नाहीत, मुका मार घेऊन किंवा डोक्यास पट्टी बांधून घरी परत येतात, त्यांचे पुढे काय होते याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आम्हांलाही ते सुचले नसते. पण तो प्रसंग आमच्याच घरावर आला.

मागील वर्षी माघात कोरपन्यास आमच्या आप्तांकडे मुंज होती. आमचे थोरले बंधू, वहिनी, आमच्या मातोश्री आणि धाकटी पुतणी असे चौघे मोटारीने चंद्रपुराहून गेले होते. परतताना संध्याकाळी मागून येणाऱ्या मालमोटारीने पुढे काढताना मोटारीस धक्का दिला. मोटार डावीकडे भेलकांडून एका लहान पुलाच्या कठड्यावर आदळली. वहिनी दादांच्या शेजारी, म्हणजे डाव्या बाजूस बसल्या होत्या. दरवाजा त्यांच्याकडेच चेपला. परंतु कपाळ फुटले ते दादांचे, आणि रक्त वाहू लागले तेही त्यांचेच. साहजिकच सर्वांचे लक्ष तिकडे गेले. वहिनींनी स्वतः पदर दाबून धरला, सासूबाईंना खाली उतरविले, फोन शोधून काढला. जवळच्या दवाखान्यात दादांच्या कपाळास टाके पडले. "तुम्हांस काही लागले का?" असे वहिनींना विचारले, तेव्हा त्या "नाही" म्हणाल्या, आणि ते सर्वांस खरे वाटले.

पुढले दोन दिवस समाचारास येणाऱ्यांची घरात रीघ लागली. एवढ्या माणसांचा चहा, फराळ, आल्यागेल्याचे हवे-नको वहिनींनीच पाहिले. डावा खांदा ठणकतो म्हणून रात्री त्या बाम चोळून घेत. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच त्या कोसळल्या. अंग गार, घामाने ओथंबलेले, चेहरा कागदासारखा पांढरा. पोटात डाव्या बाजूस बरगड्यांखाली पानथरी असते, जिला वैद्यकात प्लीहा म्हणतात. तिला त्या धक्क्यातच इजा झाली होती आणि आत रक्त साठत होते. खांद्यास काहीच झाले नव्हते. पोटात साठलेले रक्त छाती व पोट यांमधील पडद्यास डिवचू लागले की त्याची वेदना डाव्या खांद्यात जाणवते. शस्त्रवैद्यांस हे लक्षण चांगले ठाऊक असते, पण आपल्या घरांतून ते कोणास ठाऊक असणार? रुग्णाची नाडी व रक्तदाब स्थिर असता पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेखीखाली पानथरी बरी होते. वहिनींच्या बाबतीत ती वेळ उलटून गेली होती. पानथरी काढावी लागली.

बाहेर रक्त नाही म्हणजे आत काही नाही, ही समजूत किती घातक आहे याचे एक उदाहरण महाराष्ट्रास विसरता येणार नाही. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीस दुसऱ्या मोटारीची धडक बसली. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांस पुरते दहा दिवसही झाले नव्हते. ते मागील आसनावर बसले होते. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. तथापि मानेच्या मणक्यांस व यकृतास आतून जबर इजा झाली होती आणि काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या मोठ्या रुग्णालयात नेऊनही ते वाचले नाहीत. राजधानीत ही स्थिती. मग जेथून चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नासाहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्या कोरपन्याच्या माणसाने किती सावध असावे!

कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासास 'सुवर्णतास' म्हटले आहे. नाव गोड आहे, परंतु आपल्याकडे तो तास बहुधा गोंधळात जातो. पाच-पन्नास माणसे जमतात, कोणी जखमीस हाताला धरून उठवून बसवितो, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी बखोटीस धरून मिळेल त्या जीपमध्ये कोंबतो. या साऱ्यांचा हेतू शुद्ध असतो यात शंका नाही. तथापि मानेचा मणका मोडलेल्या माणसास असे उठविल्याने तो जन्माचा पांगळा होऊ शकतो, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातले पाणी फुफ्फुसात उतरू शकते. म्हणून वाहनास आग लागण्याचे किंवा दुसऱ्या वाहनाखाली सापडण्याचे भय नसेल तर जखमीस आहे तेथेच निजू द्यावे. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, आणि १०८ या क्रमांकास फोन करावा. २०१४ सालापासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका विनामूल्य येते व तीत डॉक्टर असतो. आपण नेमके कोठे आहो हे फोनवर सांगता आले पाहिजे. "कोरपन्याच्या रस्त्यावर" एवढ्याने भागत नाही. मैलाचा दगड, नाला, फाट्याचे नाव, जवळच्या कारखान्याचे फाटक असे काही तरी सांगावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी, आणि निदान दहा मिनिटे ती उचलून पाहू नये. पाहण्याचा मोह सर्वांस होतो. पण दर वेळी उचलल्याने धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्याच्यावरच दुसरे ठेवावे. जखमेत रुतलेली काच किंवा पत्रा उपसू नये. तोच कदाचित रक्तवाहिनीचे तोंड बंद करून बसलेला असतो. हळद, चहाची पूड, चुना ही आपली घरगुती औषधे अशा वेळी डबीतच राहू द्यावीत. शस्त्रवैद्यास ती आधी धुऊन काढावी लागतात. जखमी बेशुद्ध असून श्वास चालू असेल व ओकारी येऊ लागली तर तिघाचौघांनी मिळून, डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून, त्यास एकदम कुशीवर वळवावे. अंगावर पांघरूण घालावे, कारण रक्त गेलेले शरीर उन्हाळ्यातही गारठते. चहा, दूध, पाणी काही देऊ नये. पुढे भूल द्यावी लागेल तर पोट रिकामे हवे. "घोटभर पाणी तरी द्या हो," असा आग्रह करणाऱ्या वडीलधाऱ्यांस नम्रपणे पण निश्चयाने दूर सारावे लागते, आणि आमच्या मते या सर्व कामांत तेच सर्वांत कठीण आहे.

रुग्णवाहिका लवकर मिळत नसेल आणि दुसऱ्या वाहनाने न्यावयाचेच असेल तर फळी, बाज, दरवाजा असे काही सपाट व कठीण मिळेल त्यावर निजवून न्यावे. पावसाळ्यात आणखी एक विवेक लागतो. वर्धा नदीस पूर आला म्हणजे भोयगावच्या पुलावर पाणी चढते व गडचांदुराहून चंद्रपुरास जाणारी ती वाट बंद होते. महापुरात राजुरा-बल्लारपूर मार्गही बंद पडलेला आहे. म्हणून जखमीस घेऊन निघण्यापूर्वी पुढल्या पुलाची खबर फोनवरून घ्यावी. नदीकाठी जाऊन परत फिरण्यात सुवर्णतासातला अर्धा तास जातो.

आता ज्यांस "काही लागलेले नाही" त्यांच्याविषयी. एकत्र कुटुंबात अशी माणसे पुष्कळ असतात. विशेषेकरून सुना व वृद्ध. डोक्यास मार लागलेल्या माणसास एक-दोन दिवस एकटे सोडू नये. पुनःपुन्हा ओकारी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, न आवरणारी झोप, एका हातापायाचा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, तत्काळ रुग्णालय गाठावे. घरातील वृद्ध हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डोक्यास लागलेला लहानसा टोलाही क्षुल्लक मानू नये. लक्षणाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. आमच्या मातोश्री अशाच गोळ्या घेतात हे त्या संध्याकाळी आम्हां कोणास आठवले नाही; त्यांस काही झाले नाही हे केवळ दैव. गर्भवती स्त्रीस वरून खरचटलेलेही नसले तरी डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे, कारण पोटावरच्या धक्क्याने वार सुटण्याचा धोका असतो. नेताना तिला डाव्या कुशीवर निजवावे. आणि पोटावर आसनपट्ट्याचा निळा-काळा वळ उमटला असेल, पोट ताठरले असेल किंवा खांदा विनाकारण दुखत असेल, तर बामाची डबी बाजूस ठेवावी.

येथवर वैद्यकाची बाजू झाली. परंतु वहिनींच्या दुखण्यास दुसरीही एक बाजू होती, आणि ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण तीत चूक आमच्याच घरच्यांची होती.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मालमोटारीच्या मालकाचा माणूस घरी आला. फार अदबीने बोलला. वडिलांच्या पाया पडला. काचेचे व दरवाजाचे म्हणून दहा हजार रुपये त्याने पुढे ठेवले आणि एका कागदावर दादांची सही घेतली. त्या कागदात "याउपर आमची कोणतीही तक्रार नाही" असे एक वाक्य होते. पोलीसठाण्याची पायरी चढावी लागली नाही याचेच सर्वांस समाधान. मग तिसऱ्या दिवशी वहिनींना रुग्णालयात नेल्यावर काय झाले, हे विचारणाऱ्या डॉक्टरांस आमच्या काकांनी सांगितले, "जिन्यावरून पडल्या." जुन्या पिढीच्या मनात पोलिसांचे जे भय आहे त्यानेच ते बोलविले, प्रकरण मिटलेले आहे, ते कशाला उकरावे, हा त्यांचा विचार. तो शब्द तसाच रुग्णपत्रिकेत उतरला. बारावीत शिकणारी पुतणी मागे उभी होती, तिला राहवेना. "नाही हो डॉक्टर, काकू परवा आमच्याबरोबर मोटारीत होत्या, दार त्यांच्याच बाजूचे चेपले," असे ती म्हणाली. डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच पोटाची तपासणी तातडीने करविली. मुलीचे ते धिटाईचे बोलणे त्या वेळी काहींस उद्धट वाटले हेही आम्ही लपवीत नाही.

पोलिसांच्या व खर्चाच्या भयाने अपघात लपविण्याची ही रीत आता अगदी निरर्थक आहे. पूर्वी त्या भयास कारण होते. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसास मोटारीने उडविले. जवळच्या रुग्णालयाने, असली प्रकरणे घेण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे सांगून त्यास दूरच्या रुग्णालयात धाडले आणि तो वाटेतच मरण पावला. त्यावरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि १९८९ साली न्यायालयाने ठरविले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, पोलिसांच्या कागदांची वाट न पाहता त्याने आधी जीव वाचविला पाहिजे. जखमीस रुग्णालयात आणणाऱ्या वाटसरूसही, तो स्वतः अपघातास कारण नसेल तर, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलमाने अभय दिले आहे; त्याच्यावर दावा लागत नाही आणि त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही नाही. खर्चाचे म्हणाल तर ५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने योजना जाहीर केली आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दर जखमीस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळावयाचे आहेत. परंतु अपघात झाला हेच जर आपण सांगितले नाही तर ही सवलत मिळणार कशी?

म्हणून डॉक्टरांस घडले ते जसेच्या तसे सांगावे आणि रुग्णालयात जिला एम.एल.सी. म्हणतात ती नोंद करवून घ्यावी. अपघाताची जागा, वेळ, वाहनाचा क्रमांक, कोण कोठे बसले होते, हे पत्रिकेत लिहिले गेले की नाही ते स्वतः वाचून पाहावे. प्रथम खबर शक्य तर त्याच दिवशी द्यावी. आमच्या सीमाप्रदेशात ठाण्याची हद्द ही मोठी अडचण. टक्कर एका ठाण्यात, रुग्णालय दुसऱ्यात, मालमोटार तिसऱ्या राज्यातली. शेजारच्या जिवती तालुक्यात तर काही गावांवर महाराष्ट्र व तेलंगण असे दोघेही हक्क सांगतात. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याने खबर नोंदवून घेतली पाहिजे. त्यानंतर अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणास कळविणे हे तपासी अधिकाऱ्याचे काम आहे. मोटारींची छायाचित्रे त्या हलविण्यापूर्वीच घ्यावीत. फोन तर आता प्रत्येकाच्या खिशात असतो, मात्र अशा वेळी त्याचा उपयोग नातलगांस वार्ता देण्यातच संपतो.

नुकसानभरपाईचा अर्ज कोठे करावा हे ठरविण्याची मोकळीक जखमीसच आहे. अपघात जेथे झाला, आपण जेथे राहतो किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्राधिकरणाकडे तो देता येतो. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी शहाण्याने त्यावर विसंबू नये. धडक देऊन वाहन पळून गेले व सापडलेच नाही तर मृत्यूबद्दल दोन लाख व जबर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज तहसील कचेरीतून पुढे जातो. एक गोष्ट मात्र मोटार असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आजच कपाटातून कागद काढून पाहावी. खासगी मोटारीचा केवळ तिऱ्हाइतापुरता विमा असेल तर आत बसलेल्या आपल्याच माणसांस त्यातून काही मिळत नाही. आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्या दहा घरी विचारले. विम्याचा हप्ता किती हे सर्वांस ठाऊक होते, तो विमा कशाचा हे दोघांसच.

वहिनींच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाने जे दोन कागद पुढे केले ते आमच्याच घरून गेलेले होते: एक दादांच्या सहीचा आणि दुसरा "जिन्यावरून पडल्या" असे लिहिलेली रुग्णपत्रिका. खबर पाचव्या दिवशी दिली गेली होती. केवळ विलंबाकरिता दावा फेटाळू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे. पण विलंबाच्या जोडीस असत्य असले म्हणजे समजूत घालणे अवघड होते. तडजोडीचा कागद पुढे आला तर इजेचे स्वरूप पूर्णपणे कळेपर्यंत सही करू नये. काचेचे पैसे घ्यावयाचेच असतील तर पावती काचेपुरतीच द्यावी.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक लागला. वहिनी नोकरी करीत नाहीत, तेव्हा त्यांचे आर्थिक नुकसान ते काय, असा वकिलांचा सूर होता. या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी पूर्वीच दिलेले आहे. ५ जानेवारी २०२१ रोजी, दिल्लीत अपघातात मरण पावलेल्या एका दांपत्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे पैशांत मोल धरलेच पाहिजे असे स्पष्ट सांगितले. तसेच २०१० सालच्या एका निकालात, अवयव किती टक्के निकामी झाला एवढे पाहून भागणार नाही, त्यामुळे त्या माणसाच्या त्या विशिष्ट कामात किती खोट आली ते पाहावे, असे म्हटले आहे. सुताराचा हात आणि कारकुनाचा हात यांत फरक आहे. हाच न्याय लावावयाचा तर सतरा माणसांच्या घरात पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीस कित्येक महिने जड वस्तू उचलता आली नाही, तिच्या जागी दोन बाया ठेवाव्या लागल्या, याचा हिशेब ठेवावा लागतो. तो आम्ही ठेवला नव्हता. बायांचा पगार रोख दिला, पावती कोण घेणार? औषधांची बिले पुतणीने जपून ठेवली होती, तेवढीच उपयोगी पडली.

मुदत संपण्यास बारा दिवस उरले असता अर्ज दाखल झाला. दावा अद्याप चालू आहे. काकांनी शपथेवर साक्ष दिली की जिन्याची गोष्ट आपण भयाने सांगितली होती. सत्तरीच्या पुढच्या माणसास भर न्यायालयात तसे म्हणावे लागणे सोपे नव्हते. त्यांनी ते केले याबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो.

पानथरी गेलेल्या माणसास काही जंतूंची बाधा फार लवकर प्राणावर बेतते. म्हणून वहिनींना शस्त्रक्रियेनंतर ठरावीक लसी द्याव्या लागल्या, आणि साधा ताप आला तरी घरगुती काढ्यावर दिवस न काढता तत्काळ डॉक्टरांस गाठण्याची ताकीद मिळाली आहे. ती ताकीद एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी पर्समध्ये ठेवली आहे. दादांनी मोटारीच्या खणात विम्याची प्रत, सर्वांचे रक्तगट, आईच्या गोळ्यांची नावे आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या चार घड्या ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात वहिनींना रात्री ताप भरला, तेव्हा त्यांनी स्वतःच दादांस उठविले.